दंडावरचा चौकोन

सुनेनं खुर्ची मागितली नाही, घेतली. बाईंना खटकलं ते एवढंच. मागितली असती तर बाईंनी दोन शब्द सुनावले असते, नाही म्हटलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत मन पालटून दिलीही असती कदाचित. पण ही सकाळी लाँड्रीचं शटर वर गेल्या गेल्या काउंटरमागे जाऊन बसली, खुणेच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ओढला, आणि बाई दारात आल्या तेव्हा मान वर न करता म्हणाली, "आई, तुम्ही थोडे दिवस आत बसा. विश्रांती होईल." विश्रांती! या घरात विश्रांती हा शब्द आजवर फक्त बिघडलेल्या मशीनला लागला होता. बाईंचा मुलगा, म्हणजे या सुनेचा नवरा, तिथंच उभा होता. त्यानं आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि तो टेम्पोच्या चाकात हवा आहे का बघायला बाहेर गेला. लग्न झाल्यापासून त्या टेम्पोच्या चाकांची जेवढी काळजी घेतली गेली तेवढी विमानाच्या चाकांचीही कुणी घेत नसेल. बाईंच्या तोंडात शब्द तयार होते, चांगले धारदार, पण तेवढ्यात पायरीवर गिऱ्हाईक चढलं, आणि गिऱ्हाइकासमोर आपसात भांडायचं नाही हा नियम त्यांनी स्वतःच घातलेला. तेव्हा शब्द गिळून त्या आत गेल्या. गिळताना ते जिभेच्या कडेला आलेल्या फोडावर लागले. शब्द लागत नाहीत, थुंकी लागते, हे त्यांना कळत होतं. पण त्या दिवशी शब्दच लागले.

आतली खोली लांबट होती. एका भिंतीला इस्त्रीची टेबलं, मध्ये वाफेची प्रेस, आणि वर नळीला ओळीनं टांगलेले कपडे. दुसऱ्यांची लग्नं, दुसऱ्यांच्या मुलाखती, दुसऱ्यांची दुखणी, सगळी प्लास्टिकमध्ये गुंडाळून आकड्याला लटकवलेली. या खोलीत बाई दिवसातून वीसदा यायच्या, पण यायच्या त्या ओरडायला. बसायला कधी नाही. इथं बसायला धड जागाही नव्हती, एक तिपाई होती, तिच्यावर स्टार्चचा डबा असायचा. त्यांनी डबा खाली ठेवला आणि बसल्या. इस्त्रीवाल्यानं मान वळवून पाहिलं. त्याची मान एवढी लांब होती की बाईंनी त्याचं नाव उंट ठेवलं होतं. आता त्याचं खरं नाव त्याच्या बायकोखेरीज कुणाला आठवत नसावं.

"काय बाई, आज इकडे?"

"बदली झाली."

"बढती की..."

"तू कॉलर बघ. कॉलर जळेल."

वाफेनं चेहऱ्यावरची खाज लगेच जागी झाली. आधी हनुवटीखाली, मग गालाच्या कडेनं कानापर्यंत, जणू आतून कुणी सुईची टोकं वर ढकलतंय. बाईंनी हात मांडीखाली दाबून ठेवले. खाजवायचं नाही असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. खाजवलं की नखाला रक्त लागतं आणि रक्ताचा डाग पांढऱ्या कपड्यावर गेला की थंड पाण्यात किती वेळ झुंजावं लागतं ते त्या जाणून होत्या, म्हणून. त्यांचं सगळं शहाणपण असंच कपड्यातून आलेलं. शाळेत त्या गेल्या होत्या थोड्या, अक्षरं जोडून जोडून वाचायच्या, पण डाग मात्र त्या एका नजरेत वाचायच्या: हा चहाचा, हा गंजाचा, हा लोण्याचा, हा रडण्याचा. उशीच्या अभ्र्यावर रडण्याचा डाग पडतो, कडेला मिठाची बारीक रेघ असते, हे त्यांनी एकदा सुनेला दाखवलं होतं. तेव्हा सून नवीन होती. "कुणाचा आहे?" तिनं विचारलं होतं. "ते विचारायचं नाही. ते धुवायचं," बाई म्हणाल्या होत्या. बरं वाटलं होतं तेव्हा. मुलगी नजर देऊन बघत होती. तेव्हाच कळायला हवं होतं की जी नजर देऊन बघते ती एक दिवस आपल्याकडेही बघणार.

आणि बघितलंच की. काही आठवड्यांपूर्वी हॉटेलातून चादरींचा गठ्ठा परत आला त्या दिवशी. परत आला म्हणजे डाग होता म्हणून नाही. डाग असता तर बाईंनी हॉटेलच्या माणसाला उभं राहून दाखवलं असतं की डाग तुमच्या घरचा. वास आहे म्हणून परत आला. धुराचा. बाईंनी चादर नाकाला लावली. साबण, नीळ, कापसाचा गरम कोरडेपणा, बस. "कसला वास? काही नाही." मग सुनेनं चादर घेतली, नाकाला लावली, आणि उंटाच्या देखत, हॉटेलच्या माणसाच्या देखत म्हणाली, "वास येतो, आई. तुमच्या सिगारेटचा." काही भांडणाच्या सुरात नाही. पाऊस पडतोय असं सांगावं तसं. बाईंनी चादर पुन्हा नाकाला लावली, खोल श्वास घेतला. सगळ्यांना येणारा वास त्यांना येत नव्हता. ज्या नाकाच्या जोरावर ही लाँड्री उभी राहिली, कुठल्या शर्टाच्या बगलेत दुकानातलं अत्तर आहे आणि कुठल्या बगलेत भीतीचा घाम आहे हे ज्या नाकाला कळायचं, ते नाक स्वतःच्या धुरापुढे आंधळं. मागच्या अंगणात जाऊन त्यांनी सिगारेटचं पाकीट धुण्याच्या सोड्याच्या बादलीत बुडवलं. कागद विरघळला, तंबाखू वर तरंगला, पिवळट चहासारखं पाणी झालं. "उद्यापासून वास आला तर मला सांग," त्या सुनेला म्हणाल्या. तब्येतीचा त्यात काही संबंध नव्हता. छातीत घरघर तर वर्षानुवर्षं होती. तिला त्यांनी कधी किंमत दिली नाही. सिगारेट सुटली ती रागानं सुटली.

सुटली कसली, अंगातून निघाली. चाळीस वर्षांची वस्ती उठायची म्हणजे सामान आदळआपट करूनच उठणार. पहिला झुरका त्यांना दिला होता त्यांच्या सासूनं, याच मागच्या अंगणात. बाई तेव्हा कोवळ्या होत्या, सोड्याच्या पाण्यानं दोन्ही तळवे सोलून निघालेले, आणि रडायचं कुणासमोर हे माहीत नव्हतं. सासूनं काही विचारलं नाही. आपल्या तोंडातली सिगारेट काढून सुनेच्या ओठांत ठेवली, कारण सुनेच्या हातांनी काही धरवत नव्हतं. "ओढ. हात विसरशील." खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या पाण्यात रडणं खपून गेलं. पुढं सासू-सुना रोज संध्याकाळी तिथं उलट्या बादल्यांवर बसून ओढायच्या, एक शब्द न बोलता. आयुष्यात आपल्याला कुणी माया लावली असेल तर ती अशी, धुराची. खुर्चीसुद्धा सासूनं तशीच दिली; एक दिवस उठली, खुर्चीची बैठक पदरानं झटकली आणि म्हणाली, "बस." देणं असं असतं. ही आजकालची घेणारी माणसं.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात एक मुलगी होती, केस वर बांधलेली, पांढरा कोट घातलेली. कोट नीट धुतलेला नसे, खिशाजवळ शाईचा डाग, त्यामुळे बाईंच्या मनात तिच्याविषयी आधीपासून एक शेरा मारलेला होता. तिनं चिकटवायच्या पट्ट्या दिल्या. या लावा दंडाला, सिगारेटची ओढ कमी होईल. पुढं ती बरंच काही सांगत होती, खोक्यातला घडीचा कागद उलगडून त्यातल्या चित्रांवर बोट ठेवत होती, पण मागं दोन माणसं उभी होती आणि त्यांच्यासमोर या पोरीकडून शिकवून घेणं बाईंना जमणार नव्हतं. "कळलं, कळलं," म्हणून त्यांनी खोकं उचललं. चिकटवायला काय अक्कल लागते? आयुष्यभर त्यांनी खुणाच लावल्या. शर्टाची खूण कॉलरच्या आत डावीकडे, चादरीची खालच्या उजव्या टोकाला, टॉवेलची काठाच्या वर. जागा बदलायची नाही. ज्या दिवशी खुणेची जागा बदलली त्या दिवशी एकाची पँट दुसऱ्याच्या घरी गेली म्हणून समजा. पट्टीचंही त्यांनी तसंच केलं. डावा दंड, वरून चार बोटं खाली. रोज सकाळी जुनी ओरबाडून काढायची, नवी तिथंच, कडा कडेला जुळवून. पट्टीखाली लाल चौकोन उठला तेव्हा उलट सोय वाटली. शोधावं लागत नव्हतं.

आणि चेहरा. चेहऱ्याचं कुणाजवळ काय बोलायचं! रूपवान म्हणून त्या कधी मिरवल्या नव्हत्या, पण नितळ म्हणून मिरवल्या होत्या. वाफेच्या खोलीत काम करणाऱ्या बायकांचा रंग उडतो, कातडी ढिली पडते. बाईंची साठीनंतरही ताणून इस्त्री केल्यासारखी. गिऱ्हाईक बायका विचारायच्या, काय लावता हो? "काही नाही, लोकांचे कपडे धुते," बाई म्हणायच्या, आणि आतून फुलायच्या. सिगारेट सोडल्यावर आठवडा गेला असेल नसेल, आधी तोंड आलं. जिभेवर, गालाच्या आत, पांढरे फोड; चहासुद्धा विस्तवासारखा. मग हनुवटीवर पुटकुळ्या, वयात आलेल्या पोरीसारख्या. लाज वाटावी. मग गालांवर लाल चट्टे, त्यांवर कोंड्यासारखे पापुद्रे. बाईंनी चेहऱ्याकडे जसं बघायला हवं तसं बघितलं: डाग म्हणून. डाग ताजा असताना धरावा. त्यांनी कोमट पाण्यात चिमूट सोडा टाकला आणि खरखरीत पंचानं चेहरा घासला. दुसऱ्या दिवशी लाली वाढली, तेव्हा चिमटीच्या जागी चमचा. तिसऱ्या दिवशी वाफेच्या नळीसमोर चेहरा धरला, रंध्रं उघडावीत म्हणून. ओढ आणि खाज कुठली कोणती हे वेगळं करता येईना. सकाळी चहानंतर हात आपोआप खिशाकडे जायचा, खिसा रिकामा, मग तोच हात वर यायचा आणि हनुवटी कुरतडायचा. हाताला काहीतरी काम हवं होतं ना. हाताचं तरी काय चुकलं?

प्लायवूडच्या भिंतीपलीकडून काउंटर ऐकू येत होता. बाई तिपाईवर बसून आपलंच दुकान ऐकत होत्या. सून बरी बोलत होती, म्हणजे वाईट बोलत नव्हती, पण गिऱ्हाइकानं कपडा पुढं ठेवला की त्याची पहिल्यांदा तारीफ करावी लागते, मग डाग दाखवावा लागतो, हे तिला कळत नव्हतं. ती आधी डागच दाखवायची. "इथं फाटलंय. इथं डाग आहे." अगं, त्याला माहीत आहे फाटलंय! कुणीतरी विचारलं, मालकीणबाई दिसत नाहीत? "बरं नाही त्यांना." बरं नाही! बाईंच्या कपाळावरची शीर उडाली. मग बँकेतल्या बाईचा आवाज आला. ती दर आठवड्याला येणारी, जरा नाकानं बोलणारी. "बरं केलंस तू बसलीस ते. काय उठलंय गं त्यांच्या तोंडावर? परवा त्यांनी माझा पांढरा कोट हातात दिला ना, मला कसंसंच झालं. खरं सांगते, घरी नेऊन मी तो परत धुतला."

बाई वाट बघत राहिल्या. उंटाची इस्त्री थांबली होती, म्हणजे त्यानंही ऐकलं होतं. परत धुतला. चाळीस वर्षांत या दुकानातून गेलेला कपडा कुणी परत धुतला नव्हता. आता सून काहीतरी म्हणेल. काहीही. तसं काही नाही हो, एवढं जरी. पलीकडून चिठ्ठीला टाचणी मारल्याचा आवाज आला. कागद फाडल्याचा. "शुक्रवारी मिळेल," सून म्हणाली. बस.

त्या उठल्या आणि मागच्या अंगणात गेल्या. उलटी बादली होती, तिच्यावर बसल्या. अंगणात वाळत घातलेल्या चादरींच्या रांगा, मधून उन्हाच्या पट्ट्या. चादरींना वास येतो का आता? त्यांनी एक टोक ओढून नाकाला लावलं. हल्ली नाक परत येऊ लागलं होतं, थोडं थोडं, आणि तेच त्यांना नकोसं झालं होतं. जगाला एवढा वास असतो हे त्या विसरल्या होत्या. स्वतःच्या दंडाचाही येत होता. पट्टीच्या कडेनं चिकट, आंबूस. उंट मागोमाग आला, भिंतीला टेकला, आणि न विचारता पाकीट पुढं केलं.

"एक ओढा, बाई. ही सगळी आतली घाण बाहेर पडतेय. झाकण काढलं की उतू जाणारच. झाकण परत ठेवा, तोंड चार दिवसांत जागेवर."

"तुझं तोंड कुठल्या जागेवर आहे ते आधी बघ."

"मी आपलं सांगितलं."

पण सिगारेट त्यांनी घेतली. हातात घेतली, पेटवली नाही. किती हलकी असते. बोटांच्या मधल्या खाचेत ती अशी बसली जशी तिथंच जन्मली होती. आता प्रश्न साधा होता. पेटवली तर चेहरा परत येईल, खुर्ची परत येईल, बँकेतल्या बाईला उत्तर मिळेल. आणि पुढच्या गठ्ठ्याला नाक लावून सून म्हणेल, वास येतो, आई. नाही पेटवली तर सुनेचं तोंड बंद, आणि आपलं तोंड असं, प्लायवूडमागे ठेवण्याजोगं. दोन्हीकडून सूनच जिंकत होती. उंटानं काडी ओढली, ओंजळीत धरली. ज्योत बाईंच्या डोळ्यांसमोर आली आणि त्यांच्या गालांना तिची धग लागली. तेवढ्याशा धगेनं कातडी अशी चरचरली की त्यांनी मान मागे घेतली. काडी विझली.

"आई!"

सून दारात उभी होती, दोन्ही हातांवर ओल्या अभ्र्यांची थप्पी. उंटाला एकदम आठवलं की इस्त्री चालू राहिली आहे. तो गेला.

"काउंटर उघडा टाकून आलीस?" बाई म्हणाल्या.

"हे बसलेत तिथं."

"मग दुकान बुडालं. ते अभ्रे माझे ना? वेगळे धुतेस. मला दिसत नाही असं वाटतं तुला?"

सुनेनं थप्पी दोरीवर टाकली. मग म्हणाली, "हो. वेगळे धुते. गरम पाण्यात."

"का?"

"मला वाटलं लागणारं असेल. घरात लहान मूल आहे."

"आणि ती बँकवाली बोलली तेव्हा तोंड शिवलं होतं तुझं?"

"काय बोलणार होते?" सुनेचा आवाज चढला, आणि पहिल्यांदा तो चादर हुंगणारा सपाट आवाज नव्हता. "ती बोलली तेच माझ्या मनात आलं होतं. किळस आली मला. तोंडावर हे उठलं त्या पहिल्या दिवशी तुम्ही चहाचा कप दिलात ना, तो मी ओतून टाकला. आता मारा मला. विचारलं तर तुम्ही सांगत नाही, डॉक्टर म्हटलं तर फाडून खाता. मला कसं कळणार काय झालंय ते?"

बाईंना राग यायला हवा होता. पण खूप दिवसांनी कुणीतरी त्यांच्याशी सरळ बोललं होतं. हॉटेलच्या माणसासमोर बोलली तीही सरळच बोलली होती, पण तेव्हा मागं जग उभं होतं. आता फक्त चादरी होत्या. सिगारेट अजून बोटांत होती. तिच्याकडे बघायला दोघींना वेळ नव्हता.

"काय झालंय? सिगारेट सुटलीय, ते झालंय. आणखी काय होणार?" बाई म्हणाल्या आणि सवयीनं दंड चोळला.

सुनेनं बाही वर सरकवली. बाईंना विचारलंही नाही. पट्टीची कडा उचलली, आणि तिच्या तोंडातून वाफ निसटावी तसा आवाज निघाला. खाली चौकोन होता, कच्च्या मांसाच्या रंगाचा, कडेला पाणी धरलेले बारीक फोड.

"रोज इथंच लावता?"

"मग कुठं? खूण काय रोज जागा बदलते?"

"आई, ही खूण नाही!" सुनेनं तोंडावर हात दाबला. आधी बाईंना वाटलं ती रडतेय. ती हसत होती. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी. "अहो, तुम्ही काय टॉवेल आहात?"

"हसतेस काय? वेड लागलंय का?"

"आणि तोंडाला? तोंडाला काय लावता?"

"सोडा," बाई म्हणाल्या. आणि म्हणता म्हणता त्यांना स्वतःचे कोवळे तळवे आठवले, सोललेले. सोड्यानं कातडीचं काय होतं हे या घरात त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी चेहऱ्याला लावला. हाताच्या वेळी ती कातडी होती, चेहऱ्याच्या वेळी तो डाग झाला. त्या हसल्या नाहीत. हसणं त्यांना एवढ्या लवकर येत नसे. पण सिगारेट त्यांनी दोन बोटांत चुरगळली आणि भुगा मोरीत टाकला. "चल," त्या म्हणाल्या. "नाही, तू नको. मी जाते."

औषधाच्या दुकानात या वेळीही मागं माणसं होती. असू देत. बाईंनी काउंटरवर दंड ठेवला, कपडा ठेवावा तसा, आणि बाही वर केली. "हे कसं निघायचं ते सांग. पहिल्यापासून सांग. मागच्या वेळी मी ऐकलं नव्हतं." त्या मुलीनं खालीवर पाहिलं आणि मग नीट सांगितलं. पट्टी रोज नव्या जागी. दंड, पाठ, कंबर, आणि एकदा वापरलेली जागा आठवडाभर मोकळी. कातडी कोरडी हवी, मलम-तेल खाली नको, फोडांवर तर नकोच. हा दंड आता उघडा ठेवा. फोड वाढले, सूज आली किंवा पू झाला तर पट्टी बंद आणि थेट डॉक्टर. चेहऱ्याला सोडा नाही, वाफ नाही, घासणं नाही. दिवसातून दोनदा कोमट पाणी, सौम्य साबण, टिपून कोरडं करायचं, वर बिनवासाचं साधं मलम. फोडायचं नाही. पाणी प्यायचं, झोपायचं. तोंडातल्या फोडांना कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. सिगारेट सोडल्यावर काहींना असं होतं, सगळ्यांना नाही. बहुतेकांचं काही आठवड्यांत निवळतं. निवळलं नाही तर कातडीच्या डॉक्टरांना दाखवा, कारण दरवेळी कारण तेच असतं असं नाही.

"आणि ओढली एक, तर बसेल का हे?"

"एक ओढलीत तर दुसरी ओढाल," मुलगी म्हणाली. "आणि चेहऱ्याचं वाटोळं तीच करत होती, हळूहळू. तुम्हाला दिसत नव्हतं इतकंच. हां, आणि उशीचे अभ्रे वरचेवर गरम पाण्यात धुवा."

बाई क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या. म्हणजे सुनेनं भीतीपोटी केलं तेच औषध निघालं. हे त्यांनी घरी कुणाला सांगितलं नाही. सगळंच कशाला सांगायचं? "तो खिशाजवळचा शाईचा डाग," निघताना त्या म्हणाल्या, "कोट पाठवून दे. काढून देते."

त्यानंतरचे दिवस कंटाळवाणे होते. रागानं सोडणं सोपं होतं, पाणी पिणं अवघड. घासायचं नाही, टिपायचं. आयुष्यात त्यांनी कधी काही टिपलं नव्हतं. सकाळी चेहऱ्यावर पाणी घ्यायचं, हात थांबवायचा, आणि मऊ फडकं नुसतं टेकवायचं, जणू दुसऱ्या कुणाचा चेहरा आहे, झोपलेला. हाताला काम म्हणून त्यांनी बटणं शिवायला घेतली. उंटानं महिन्याभरात तोडलेली सगळी बटणं दोन दिवसांत परत आली. ओढ लाटेसारखी यायची, चहाच्या मागोमाग, भांडणाच्या मागोमाग, आणि कारण नसतानाही. लाट यायची, हनुवटी चुरचुरायची, मग उतरायची. तोंडातले फोड आधी गेले. एका सकाळी चहा नुसता गरम लागला. गालांचे पापुद्रे गळाले, हनुवटीवरचं मात्र एक बरं झालं की शेजारी दुसरं यायचं, आणि गेलेल्याच्या जागी तपकिरी ठिपका राहायचा. खुर्चीवर सून होती. ती रोज सकाळी विचारायची, "आज कुठं लावलीत?" आणि बाई म्हणायच्या, "पाठीवर. लावून दे." पाठीला हात पोचत नसे. सुनेची बोटं थंड असायची, कडा दाबून बसवताना ती नीट दाबायची. त्या वेळी दोघी बोलत नसत. बाईंना ते ओळखीचं वाटायचं आणि ओळखीचं वाटलं म्हणून अवघडायला व्हायचं, मग त्या म्हणायच्या, "झालं का? पाठ आहे ती, टेबल नाही." पण एक गोष्ट पचली नव्हती. किळस पचली होती, अभ्रे पचले होते, ओतलेला चहासुद्धा पचला होता. टाचणी मारल्याचा तो आवाज पचत नव्हता.

चेहरा पूर्ण निवळायची वाट बघायची असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. एका दुपारी पलीकडून नाकातला आवाज आला आणि त्या बटण अर्धं टाकून उठल्या. हनुवटीवर दोन पुटकुळ्या होत्या, ताज्या. त्या तशाच, रुमाल न धरता, काउंटरशी जाऊन उभ्या राहिल्या. बँकेतल्या बाईनं पडदे आणले होते. ती किंचित मागे सरकली, मग हसली.

"अय्या, बऱ्या झालात का?"

"आजारी कधी नव्हते," बाई म्हणाल्या. "सिगारेट सोडली. चाळीस वर्षांची. त्यानं कातडी उठली. लागत नाही कुणाला."

"नाही हो, मला तसं काही..."

"कोट परत धुतलात. ऐकलं मी. ही भिंत आहे, पण प्लायवूडची आहे." त्यांनी पडदे पुढं ओढले, कापड बोटांत चाचपलं. "छान कापड आहे. असं हल्ली मिळत नाही. इथं खाली तेलाचा हात लागलाय, निघेल. सोमवारी या. आणि माझ्या हातातून घ्यायचे नसतील तर आत्ताच सांगा, दुसरं दुकान पुढच्या गल्लीत आहे."

बँकेतल्या बाईनं चष्मा काढला, पुसला, घातला. "सोमवारीच येते," ती म्हणाली आणि गेली. येईल की नाही कोण जाणे. सून खुर्चीत बसून होती, चिठ्ठी हातात, टाचणी मारायची विसरलेली. बाहेर टेम्पोशेजारी मुलगा उभा होता. त्यानं आत पाहिलं आणि वाकून चाक बघू लागला. उंटाची इस्त्री आत थांबली होती. बाईंना दोन झुरक्यांएवढी ओढ आली, आली आणि गेली.

"हे बघ," त्या सुनेला म्हणाल्या, आवाज न चढवता. "तुला माझी किळस आली, तू तोंडावर सांगितलीस. त्याचं मला काही नाही. चहा ओतलास, त्याचंही नाही. मला कुणाचा असा चेहरा दिसला असता तर मीही ओतला असता. पण बाहेरचं माणूस माझ्या कामाला नावं ठेवत होतं आणि तू चिठ्ठीला टाचणी मारत बसलीस. तिथं तू चुकलीस. घरात माझ्याशी हवं तेवढं भांड. या काउंटरवर माझ्याबद्दल गप्प बसायचं नाही. ज्याला बोलता येत नाही त्यानं इथं बसू नये. ऊठ."